जाळ्याचा डोळा

आश्विन सरत आला की उजनीचे पाणी निवळते. पावसाळ्यात पुण्याकडून आलेला तांबडा, गढूळ लोंढा धरणात येऊन थांबलेला असतो. महिना-दीड महिन्यात त्याचा गाळ खाली बसतो, वारा पडतो, आणि पहाटे काठावर उभे राहिले तर पलीकडचा करमाळ्याचा काठ धुक्यात बुडालेला असतो. धरण भरलेले, पाणी स्थिर आणि पावसाळाभर चरून पोसलेली मासळी काठाकाठाने फिरणारी. मासेमारीचे हेच खरे दिवस. आमच्या लहानपणी दिवाळीची सुट्टी म्हणजे अब्बांच्या होडीतले दिवस होते.

मगरिबची नमाज झाली की अब्बा जाळे टाकायला निघत आणि फजरनंतर ते काढायला. होडीत अब्बा, आम्ही आणि पुष्कळदा भोई आळीतले तात्या. जाळे वर येताना अब्बा एकेक मासा सोडवत. मोठा रोहू, कटला होडीच्या तळाशी पडे. वितीपेक्षा लहान मासा हाताला लागला की अब्बा त्याला क्षणभर तळहातावर धरत आणि पाण्यात सोडून देत. सोडताना म्हणत, "जा, मोठा होऊन ये."

तात्या हसत. "मुलाणीभाई, तुमचा हा मासा उद्या माझ्याच जाळ्यात यायचा बघा."

"येऊ द्या की," अब्बा म्हणत. "तुम्हीही सोडा."

हा संवाद आम्ही किती वेळा ऐकला असेल त्याची गणती नाही. पण त्यात एक प्रश्न आहे हे कळायला आमची चाळीस वर्षे गेली. सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणारच असेल, तर तो सोडण्याला अर्थ काय? आपण संयम पाळला आणि शेजाऱ्याने पाळला नाही, तर आपला संयम ही नेकी की नुसता भोळेपणा? हा प्रश्न मासळीपुरता नाही हे उघड आहे. लाच न देणाऱ्याला, भेसळ न करणाऱ्याला, रांग न मोडणाऱ्याला तो रोज पडतो. पण आमच्यापुढे तो मासळीच्या वाटेने आला, म्हणून त्याच वाटेने त्याच्याकडे जाणे बरे.

उजनीचे धरण भीमा नदीवर, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आहे. बांधकाम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. कागदोपत्री जलाशयाचे नाव यशवंतसागर. काठावरचा माणूस नुसते 'धरण' म्हणतो. पाणी मागे पसरत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत शिरले आणि भीमाकाठची काळी जमीन, वाडे, देवळे, तालमी, कब्रस्ताने पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ दुष्काळात वर येते तेव्हा लोक होड्या करून बघायला जातात. आमच्या जुन्या गावचे कब्रस्तान बघायला कोणी जात नाही. ते कुठे आहे हे पाण्यावरून ओळखणारी माणसेही आता थोडीच उरली.

अब्बांना ते ठाऊक होते. काठावरच्या एका टेकाडाची आणि दूरच्या एका लिंबाची सरळ रेघ धरून ते जागा ओळखत. तिथे आले की वल्हे थांबवत, फातिहा पढत आणि पुढे जात. त्या जागी त्यांनी कधी जाळे टाकले नाही. आणि सांगण्यासारखी गोष्ट अशी की, तात्यांनीही टाकले नाही. कोणी त्यांना मनाई केली नव्हती. एकदा विचारले तर म्हणाले, "तुमचे आजोबा आमच्या जत्रेची बकरी हलाल करायचे. त्यांच्या अंगावर जाळे टाकू होय?"

आमचे आजोबा गावचे मुलाणी होते. जत्रेला, नवसाला, कोणाच्याही दारात बकरे पडो, सुरी मुलाण्याची. त्या सुरीचे नियम त्यांनी अब्बांना शिकवले आणि अब्बांनी आम्हाला. धार तीक्ष्ण असावी. जनावराच्या डोळ्यांसमोर सुरी परजू नये. एका जनावरापुढे दुसरे कापू नये. आधी पाणी पाजावे. आणि अल्लाहचे नाव घेतल्याशिवाय हात पुढे करू नये, कारण जीव आपला नाही, त्याच्या मालकाच्या परवानगीने आपण तो घेतो आहोत. जमीन पाण्याखाली गेल्यावर आजोबांची सुरी खुंटीला लागली आणि अब्बांनी तात्यांकडून जाळे शिकून घेतले.

इथे एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. मासळीला जबीहा नाही. मासा पाण्याबाहेर काढला की संपले. तो सुरीशिवाय हलाल. शरियतने दिलेली ही मोठी सवलत आहे. इहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना असताना पाण्यातली शिकार मुबाह ठेवली आहे. काठावरच्या गरिबाच्या पोटाचा त्यात विचार असावा असे आम्हाला वाटते. पण सवलतीचा एक धोका असतो. बकऱ्यापुढे थांबणारा हात माशापुढे थांबत नाही. जिथे नाव घेण्याची अट नाही, तिथे हिशेबाचीही अट नाही असे माणूस आपोआप धरून चालतो.

आपल्याकडे मासळीवर वाद होतात, नाही असे नाही. कोकणातला शाफई कोळंबीवर ताव मारतो आणि देशावरचा हनफी ताट पुढे आले की मौलवींना विचारून येतो. खेकडा चालतो का, आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा खावा का, यावर आम्ही लग्नाच्या पंगतीत रात्र सरेपर्यंत चाललेली चर्चा ऐकली आहे. पण हा मासा कोणत्या जाळ्याने धरला, किती वयाचा धरला, त्याने एकदा तरी अंडी घातली होती का, असे विचारणारा आम्हाला एकाही पंगतीत भेटला नाही. कुरआनात खाण्याविषयी बोलताना 'हलाल' शब्दाच्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे चांगले, स्वच्छ, निर्मळ. पहिल्या शब्दाचे फतवे आपल्याकडे ढिगाने आहेत. दुसरा शब्द आपण पहिल्याचेच दुसरे नाव समजून सोडून दिला आहे.

माशाचे वय हा प्रश्न किरकोळ नाही. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालण्याजोगे व्हायला साधारण दोन वर्षे लागतात. आणि तेव्हाही ते साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्याच्या पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच मत्स्यबीज बाहेर तयार करून धरणात सोडावे लागते. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन या जातींकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हापासून ते सोपे झाले. बोटाएवढी पिल्ले, ज्यांना बोटुकली म्हणतात, पाण्यात सोडली जातात. चांगले खाद्य मिळाले तर त्यातली वर्षभरात किलोच्या आसपास भरतात. म्हणजे दिवाळीला धरलेला वितीएवढा मासा पुढच्या दिवाळीपर्यंत थांबला असता तर एका घराचे कालवण झाला असता. आज तो मूठभर पिल्लांतला एक.

उजनीत आज सर्वांत जास्त ओळखीची मासळी चिलापी. ही इथली नव्हे. तिलापिया म्हणून १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि तळ्यातळ्यांत पसरली. तिची मादी अंडी तोंडात उबवते. पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस संकट दिसले की ती आईच्या तोंडात शिरतात. जाळ्यात सापडलेल्या मादीच्या तोंडातून हातावर पिल्ले सांडलेली आम्ही लहानपणी पाहिली आहेत. अब्बा अशा वेळी आधी हात पाण्यात बुडवत.

आणि जे इथले होते त्यांचे काय झाले? साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे, जशी त्याच्या कानाला ऐकू आली तशी, माशांच्या शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलस, फुलंगी, नुक्ता. भीमेच्या खोऱ्यातल्या कोणा नाव नसलेल्या मासेमाराचा शब्द आज जगभरच्या ग्रंथांत आहे. उर्दू वाचणाऱ्या आपल्या लोकांना नुक्ता म्हणजे अक्षराचा टिंब. एक टिंब सुटला की शब्दाचा अर्थ बदलतो हे आपल्याला मदरशात छडी खाऊन शिकवले गेले. नदीतला नुक्ता आज दुर्मीळ झाला आहे. त्याच्या जाण्याने पाण्याचा अर्थ बदलला का, हे मात्र कोणी विचारत नाही.

२०२३ साली पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. 'उणे' हा शब्द काठावरच्या पोरांनाही कळतो. धरणात पाण्याचे दोन हिशेब असतात. वरचा तो उपयुक्त साठा, उजनीत सुमारे ५३ टीएमसी. खालचा तो मृत साठा, सुमारे ६३ टीएमसी. वरचा संपला की खालचा उपसायला लागतात, आणि त्याला म्हणतात धरण उण्यात गेले. नाव मृत असले तरी तळाची मासळी जिवंत राहते ती त्याच साठ्यावर.

त्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या गावापर्यंत चालत गेलो. भेगाळलेल्या गाळातून कब्रस्तानाचे दगड वर आले होते. आजोबांचा दगड कोणता ते सांगायला अब्बा आता नाहीत. पण दगडांना नायलॉनची फाटकी जाळी गुंडाळलेली होती. म्हणजे कोणीतरी तिथेही जाळी टाकली होती. ज्याला खाली काय आहे हे ठाऊक नाही, असा कोणी दुरून आलेला असेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही ती जाळी सोडवायला बसलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष गेले. अब्बांच्या जाळ्याच्या डोळ्यात चार बोटे जात. या डोळ्यात आमची करंगळी जाईना.

ऑगस्टमध्ये धरण भरले. त्याच वर्षी दिवाळीत आम्ही धाकट्या भावाबरोबर पाण्यावर गेलो. धंदा आता तो बघतो. होडीला मोटर आहे. त्याच्या एका जाळ्याचे डोळे अब्बांच्या मापाचे होते. दुसरे बारीक होते. बारीक डोळ्यांच्या जाळ्याला मनाई आहे हे त्याला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. दुसरे जाळे वर आले तेव्हा होडीत चांदीचा चुरा सांडावा तशी पिल्ले पडली. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, "भाई, तुम्ही बघताय तसं बघू नका."

"अब्बा सोडायचे," आम्ही एवढेच म्हणालो.

"अब्बांच्या वेळी सोडलेला मासा तात्यांच्या जाळ्यात जायचा. आता सोडला तर कुणाच्या जाळ्यात जातो हेही कळत नाही. मी सोडला म्हणून तो वाचणार आहे का? नाही. मग निदान माझ्या पोरीची फी तरी भरू द्या." मग थोड्या वेळाने, "आडत्याची उचल आहे. जाळं त्याच्या पैशाचं, डिझेल त्याच्या पैशाचं. त्याला रोज पाटी भरून लागते. पाटीत काय आहे ते तो विचारत नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नैतिक उपदेश करण्याची जागा आमची नव्हतीच. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. आमच्या मोरीचे पाणी मुळा-मुठेत जाते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे होते, त्यात पुण्या-पिंपरीच्या आमच्यासारख्या लाखो घरांचा वाटा आहे. भाऊ ज्या पाण्यात हात घालून रोजी कमावतो ते पाणी आम्ही घाण करतो आणि वर त्याला जाळ्याचा डोळा मोजायला सांगतो. मासळीच्या ऱ्हासाचा हिशेब एकट्या जाळेवाल्याकडे मागणे हा अन्याय आहे. हे आधी कबूल केले पाहिजे, मगच पुढचे बोलता येईल.

तरी त्याचा युक्तिवाद आमच्या डोक्यातून जाईना, कारण तो चुकीचा नव्हता. गॅरेट हार्डिन या अभ्यासकाने १९६८ साली सामाईक कुरणाच्या उदाहरणाने हेच मांडले होते. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी एक जनावर जास्त सोडतो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान सर्वांत वाटलेले. प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि कुरण संपते. भावाच्या बोलण्यात हार्डिनच बोलत होता. एकट्याच्या संयमाने मासा वाचत नाही, हे हिशेबाने खरे आहे. मग प्रश्न उरतो तो असा: ज्या संयमाचा उपयोग होणार नाही, तो पाळण्याची आपल्यावर जबाबदारी आहे का?

या प्रश्नाशी झगडताना आम्हाला कुरआनातली एक मासेमारीचीच हकीकत आठवली. सूरह अल-आराफमध्ये ती आहे. पाण्याच्या काठी वसलेली एक वस्ती. शनिवारी त्यांना मासेमारी मना होती, आणि नेमकी शनिवारीच मासळी पाण्यावर झुंडीने येई. इतर दिवशी येत नसे. परीक्षा होती ती. त्यांनी काय केले ते भाष्यकार सांगतात: शुक्रवारी जाळी लावून ठेवली, शनिवारी हात लावला नाही, रविवारी मासे काढून घेतले. नियमाचा शब्द राखला आणि नियम मोडला. ही हकीकत आपल्याकडे वाझमध्ये सांगतात तेव्हा दुसऱ्या कोणा कौमचा नाफरमानपणा म्हणून सांगतात आणि ऐकणारे मान डोलावून घरी जातात. आमच्या मते ती ज्याच्या ज्याच्या हातात जाळे आहे त्या प्रत्येकाची आहे. बंदीचे दिवस संपले की दुसऱ्या दिवशी बारीक जाळे टाकणारा आणि "हलाल आहे ना, मग झाले" म्हणणारा, दोघेही त्या वस्तीचे रहिवासी.

पण आम्हाला त्या हकीकतीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वस्तीत तीन गट होते. एक मर्यादा मोडणारा. दुसरा त्यांना अडवणारा. आणि तिसरा, जो स्वतः मोडत नव्हता पण अडवणाऱ्यांना विचारत होता की, ज्यांचा नाश ठरलेलाच आहे त्यांना तुम्ही उपदेश कशाला करता? आमच्या भावाचा प्रश्न वेगळ्या शब्दांत तोच आहे. उपयोग काय? अडवणाऱ्यांनी त्याला दोन उत्तरे दिली. पहिले, आम्हाला आमच्या रबपुढे सांगायला काही असावे म्हणून. दुसरे, कदाचित ते सावरतील म्हणून.

ही दोन उत्तरे आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवली. पहिले उत्तर फळाकडे बघतच नाही. मासा वाचो न वाचो, माझ्या हाताचा हिशेब मला द्यायचा आहे. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून माझी चोरी हलाल होत नाही, इतके ते साधे आहे. पण एवढ्यावरच थांबलो तर त्यात एक स्वार्थ शिल्लक राहतो. मी माझे हात धुतले, धरण आटले तर आटो. म्हणून दुसरे उत्तर त्याच्या जोडीला आले असावे. कदाचित. या 'कदाचित'मध्ये दुसऱ्या माणसाविषयीची उमेद आहे. आज मोडणारा उद्या पाळणारा होऊ शकतो हा विश्वास आहे. अब्बांचे "तुम्हीही सोडा" हे याच जातीचे वाक्य होते. ते मासा सोडताना तात्यांना नावे ठेवत नव्हते. बोलावत होते.

त्या तिसऱ्या गटाचे पुढे काय झाले? अडवणारे वाचले, मोडणारे पकडीत सापडले असे कुरआन सांगते. गप्प राहिलेल्यांविषयी ते स्पष्ट काही सांगत नाही आणि भाष्यकारांचे त्यावर एकमत नाही. आमच्यासारखे मासा धरतही नाहीत आणि कोणाला अडवतही नाहीत, नुसते बाजारात जातात. ती शांतता आम्हाला अस्वस्थ करते.

आता 'कदाचित'चे व्यवहारात काय होते ते पाहू. तुर्कस्तानात अलान्या नावाचे बंदर आहे. तिथली मासेमारी समुद्रातली, पण अडचण आपल्याचसारखी: चांगल्या जागा थोड्या, मासेमार शंभराच्या आसपास, आणि जागेवरून मारामाऱ्या. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या मासेमारांनी चुकत-माकत एक रीत बसवली. दर सप्टेंबरात परवानाधारक मासेमारांची यादी करायची. जाळ्यांच्या जागांना नावे द्यायची आणि एकाच्या जाळ्याने दुसऱ्याकडे जाणारी मासळी अडणार नाही इतके अंतर त्यांत ठेवायचे. मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी जागा निघेल तिथून तो सुरू करतो, आणि सप्टेंबर ते जानेवारी रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो. जानेवारीनंतर रोज एक पश्चिमेकडे. म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि वाईटही येते. कोणी दुसऱ्याच्या जागेत घुसला तर त्याला हटकायला सरकारी माणूस लागत नाही. ज्याची पाळी असते तोच हटकतो आणि बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण सविस्तर मांडले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक गोष्टीचा नाश अटळ नाही, माणसे एकत्र बसून नियम करू शकतात आणि पाळू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणे देऊन दाखवले.

हे वाचताना आम्हाला कब्रस्तान आठवले. अब्बा आणि तात्या यांच्यातही एक न लिहिलेला नियम होता. एक मुलाणी, एक भोई, आणि पाण्याखालची एक जागा जिथे दोघांनी जाळे टाकायचे नाही. कोणी परवाना दिला नव्हता, कोणी दंड करणार नव्हते. तरी तो दोघांच्या हयातीत मोडला नाही. दोघांत जे झाले ते वीस जणांत होणे कठीण आहे, पण अशक्य नाही.

त्या दिवशी होडीत परत येताना आम्ही भावाला विचारले, "कब्रस्तानावर तू जाळे टाकतोस का?"

"नाही," तो म्हणाला.

"का? दुसरे टाकतात. तू सोडलास म्हणून ती जागा वाचत नाही."

तो बराच वेळ गप्प राहिला. मोटर बंद केली. मग म्हणाला, "तिथे दादा आहेत, भाई."

म्हणजे उपयोग नसतानाही पाळायची एक मर्यादा त्याच्याजवळ होती. त्याने ती कोणत्याही हिशेबात बसवली नव्हती. गेलेल्या माणसांची आपल्याला लाज वाटते. त्यांच्या जागेवर जाळे टाकवत नाही. अडचण आहे ती येणाऱ्यांची. त्याच्या मुलीची मुले, तात्यांच्या नातवाची मुले, यांची पाण्यावर कुठे खूण नाही, टेकाड आणि लिंबाची रेघ धरून ओळखता येईल अशी जागा नाही. जाळ्याचा डोळा ही त्यांचीच जागा आहे, असे आम्हाला त्या दिवशी वाटले. त्या चार बोटांच्या भोकातून जे निसटते ते त्यांचे. डोळा जितका बारीक करू, तितका त्यांचा हिस्सा आपण खातो. वारसांचा हिस्सा खाणाऱ्याविषयी आपल्या धर्मात काय म्हटले आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मालमत्तेच्या वाटणीत आपण पै-पैचा हिशेब मांडतो. पाणी वाटणीत धरले नाही एवढेच.

भावाने बारीक जाळे टाकून दिले असे सांगता आले असते तर हा लेख गोड झाला असता. तसे झालेले नाही. आडत्याची उचल अजून फिटलेली नाही. आम्ही तिच्यातला काही भाग फेडला. तो घेताना त्याला बरे वाटले नाही आणि देताना आम्हालाही नाही, कारण तीस वर्षे उशीर झाला होता. मात्र त्याने तात्यांच्या नातवाशी आणि आणखी चार-पाच जणांशी बोलणे सुरू केले आहे. पावसाळ्यानंतर पहिला महिना तरी सर्वांनी मोठ्याच डोळ्याची जाळी टाकायची, एवढीच गोष्ट. कोणी हो म्हणतो, कोणी "तो करील तर मी करीन" म्हणतो. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आहे.

आणि आम्ही खाणारे? आमच्या हातात जाळे नाही, पण पिशवी आहे. भिगवणच्या बाजारात मोठ्या मासळीच्या शेजारी पिल्लांचा ढीग असतो, तो स्वस्त असतो, आणि तो खपतो म्हणून धरला जातो. कोळंबी हलाल की मकरूह हे मौलवींना विचारणाऱ्या आपल्या लोकांनी विक्रेत्याला एवढे विचारावे की, हे पिल्लू आहे की जातच लहान आहे. काही मासे जन्मभर बोटाएवढेच असतात. ते खुशाल खावेत. रोहूचे, कटल्याचे पिल्लू असेल तर ढीग तसाच ठेवून पुढे जावे. मोठा मासा परवडत नसेल तर त्या दिवशी डाळ खावी. आमच्या घरी हे सुरू झाल्यावर पत्नीने विचारले, "आपण एका घराने न घेतल्याने काय होणार आहे?"

तोच प्रश्न, फिरून आमच्याच स्वयंपाकघरात आला होता. आम्ही म्हटले, काही होणार नाही कदाचित. आणि 'कदाचित' म्हणताना आम्हाला होडीत वाकलेले अब्बा दिसले; ओला तळहात, त्यावर वितीएवढा मासा, आणि पलीकडे हसणारे तात्या.